पायडल मारून बोलणारा रेडिओ



1917 सालचा जुलै महिना. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, हॉल्स क्रीक नावाच्या लहानशा गावाजवळ जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडला. आतून जबर मार बसला. भावांनी त्याला गाडीत घातलं आणि कित्येक तासांचा खडबडीत रस्ता तुडवून हॉल्स क्रीकला आणलं. गावात डॉक्टर नव्हता. होतं ते फक्त पोस्ट ऑफिस, त्यातली तारयंत्राची कळ आणि प्रथमोपचार थोडेफार शिकलेले पोस्टमास्तर टकेट. त्यांनी देशाच्या नैर्ऋत्य टोकावरच्या पर्थ शहरी तार केली. तिकडून डॉ. हॉलंड यांनी तारेनेच सांगितलं, शस्त्रक्रिया करा. टकेटनी खिशातला चाकू आणि दाढीचा वस्तरा घेतला, पोटॅशियम परमँगनेटने जखम धुतली आणि एकेक सूचना तारेवर घेत पोट उघडलं. डॉक्टर स्वतःही निघाले: आधी गुरं वाहणाऱ्या बोटीतून, मग मोटारीतून. ते पोहोचले तेव्हा जिमी आदल्याच दिवशी वारला होता.

ही हकिगत वर्तमानपत्रांतून देशभर वाचली गेली. ती सगळ्यांत खोलवर लागली एका पाळकाला. त्याचं नाव जॉन फ्लिन.

फ्लिन प्रेस्बिटेरियन मंडळीचे. 1912 साली त्या मंडळीने ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ स्थापन केलं आणि त्याची धुरा त्यांच्याकडे दिली. ज्या मुलखाची जबाबदारी अंगावर आली तो इतका अफाट होता, की एका वस्तीपासून दुसऱ्या वस्तीपर्यंत जायला दिवसच्या दिवस लागत. गुरं पाळणाऱ्यांच्या वस्त्या, खाणमजुरांचे तंबू, तारवाल्यांची ठाणी. अशा ठिकाणी मूल जन्मलं तर बाप्तिस्मा द्यायला कुणी नाही आणि माणूस गेला तर प्रार्थना म्हणायला कुणी नाही. मिशनचे फिरते पाळक उंटांवरून जात. ऊडनदत्ताहून निघणारे ब्रूस प्लोमन हे त्यातले पहिल्या फळीचे. एक फेरी पुरी व्हायला काही महिने लागत. पाळक पुन्हा येईपर्यंत त्या घरात काय काय होऊन गेलेलं असे.

आपण जाऊ शकत नाही तिथे काय पाठवायचं, हा प्रश्न फ्लिन यांना मिशन सुरू होण्याआधीच पडला होता. 1910 साली त्यांनी ‘बुशमन्स कंपॅनियन’ नावाची छोटी पुस्तिका काढली आणि ती फुकट वाटली. हाड मोडलं तर काय करावं हे तिच्यात होतं, प्रार्थना होत्या आणि पाळक नसताना दफनविधी कसा करावा तेही होतं. मलमपट्टी आणि प्रार्थना एकाच पुस्तिकेत! फ्लिन यांची श्रद्धा कशी होती हे सांगायला तेवढंच पुरे. आजाऱ्याला वाचवणं हे सुवार्तेपासून वेगळं काम आहे, असं त्यांनी कधी मानलं नाही.

मग विमान आलं. क्लिफर्ड पील या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याने फ्लिन यांना पत्र लिहून विमानाने डॉक्टर पाठवण्याची कल्पना मांडली. 1918 साली तो फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, पण त्याची कल्पना टिकली. 15 मे 1928 रोजी क्लाँकरी इथे हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली. विमान क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतलेलं, नाव ‘व्हिक्टरी’. पहिल्या वर्षात या सेवेने 225 रुग्ण तपासले. पण एक पेच उरलाच. डॉक्टर हवा आहे हे दोनशे किलोमीटरवरच्या घरातली बाई कळवणार कशी?

रेडिओ तोवर जन्मला होता, शहरांतून गाणीही ऐकू येत होती. मात्र फ्लिन यांना ऐकवणारं यंत्र पुरेसं वाटत नव्हतं. त्यांना पलीकडच्या माणसाला बोलता येईल असं यंत्र हवं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी फार लवकर ओळखली. प्रवचन पाठवणं तुलनेने सोपं. आपलं दुखणं सांगायची सोय ऐकणाऱ्याला करून देणं महाग आणि अवघड. फ्लिन यांनी अवघड तेच धरलं, आणि म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावंसं वाटतं.

अडचण विजेची होती. बॅटऱ्या जड आणि महाग, पेट्रोल दुर्मीळ. अॅडलेडचे आल्फ्रेड ट्रेगर हे तरुण विद्युततज्ज्ञ फ्लिन यांना येऊन मिळाले. 1926 मध्ये दोघांनी अॅलिस स्प्रिंग्ज आणि हर्मन्सबर्ग या लुथरन मिशनच्या ठाण्यादरम्यान संदेश पाठवून दाखवला, पण ते सामान घरोघरी बसवण्याजोगं नव्हतं. ट्रेगर प्रयोग करत राहिले. शेवटी त्यांनी सायकलची पायडलं घेऊन एका छोट्या जनित्राला जोडली. बसायचं, पाय चालवायचे, आणि सुमारे 20 वॅट वीज तयार. हात मोकळेच. 1929 साली क्वीन्सलँडमधल्या ऑगस्टस डाउन्स या वस्तीत असा पहिला संच बसला.

बोलणं मात्र अजून मोर्स लिपीच्या ‘कड् कट्ट’मध्येच होतं. घरी एकट्या असणाऱ्या बाईने पाय चालवता चालवता, कडेवरचं मूल तापाने फणफणलेलं असताना, ठिपके आणि रेघा बिनचूक पाठवायच्या! ट्रेगरनी यावरही तोड काढली. टंकलेखन यंत्रासारखा कळफलक बनवला. अक्षर दाबलं की यंत्रच त्याचा मोर्स करून पाठवी. पुढे प्रत्यक्ष आवाज जाऊ लागला आणि मोर्सची गरज संपली.

मग जे झालं ते कुणी आखलेलं नव्हतं. डॉक्टरांची वेळ संपली की बायका त्याच लहरींवर एकमेकींशी बोलू लागल्या. कुणाची गाय व्याली, कुठे पाऊस झाला, केकमध्ये काय घातलं. शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या या बायका रोजच्या शेजारणी झाल्या. या गप्पांच्या वेळेला तिथल्या कलकलाट करणाऱ्या गॅला पोपटांचं नाव मिळालं. हीही मंडळीच म्हणायची. त्या एकाकी घरांतून कित्येक बायका याच आवाजाच्या आधाराने तगल्या असतील.

1951 च्या मे महिन्यात फ्लिन वारले. पुढच्याच महिन्यात अॅलिस स्प्रिंग्जच्या हवाई वैद्यकीय सेवेच्या केंद्रावरून अॅडलेड मीथकी या शिक्षिकेच्या प्रयत्नांनी ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झालं. दूरच्या वस्त्यांतली मुलं रेडिओवर हजेरी देऊ लागली आणि प्रश्न विचारू लागली.

पण श्रोतेहो, गोष्ट इथवरच सांगितली तर ती अर्धीच होईल. हे जाळं ज्या जमिनीवर पसरलं ती ज्यांची मूळची, त्या आदिवासींचं काय? इनलँड मिशनची सेवा मुख्यतः गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी होती. अॅडलेडचे शल्यचिकित्सक चार्ल्स ड्युगिड हे त्याच मंडळीतले. त्यांनी यावर उघड टीका केली. ते टीका करून थांबले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने 1937 साली अर्नबेला इथे मिशन उभं राहिलं. तिथे काम करणाऱ्यांनी पित्यंत्यत्यारा भाषा शिकायची असा दंडक होता आणि शाळेतली मुलं आधी त्याच भाषेत वाचायला शिकली. फ्लिन यांच्या समाधीची गोष्टही सांगायला हवी. त्यांच्या समाधीवर कार्लू कार्लू इथली एक प्रचंड शिळा आणून ठेवली होती. ती आदिवासींच्या पवित्र स्थानातली निघाली. बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर 1999 साली ती मूळ जागी परत गेली, आणि तिच्या बदली अरेंते या आदिवासी लोकांनी आपल्या मुलखातली दुसरी शिळा दिली. ज्या माणसाच्या कामात त्यांना फारशी जागा मिळाली नव्हती, त्याच्या समाधीसाठी त्यांनी दिलेली ही शिळा पाहिली की त्यांचं मन किती मोठं होतं ते कळतं.

ज्यांची भाषा बाहेरचं कुणी बोलत नाही, अशांपर्यंत पोहोचायचं कसं, हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला एका आजारी बाईला पडला होता. जॉय रिडरहॉफ होंडुरासच्या डोंगरी गावांत सुवार्तेचं काम करत. मलेरियाने खंगून 1936 च्या सुमारास त्या लॉस एंजेलिसला परतल्या. पुन्हा जाण्याची ताकद राहिली नाही. आपण नाही, तर आपला आवाज तरी जावा म्हणून 1938 च्या अखेरीस त्यांनी स्पॅनिशमध्ये एक ध्वनिमुद्रिका केली. मागण्या येऊ लागल्या, आणि त्या केवळ स्पॅनिशसाठी नव्हत्या. नवाहो भाषेसाठी विचारणा झाली, मग आणखी भाषांसाठी. त्यांनी सुरू केलेल्या संस्थेने आजवर सहा हजारांहून अधिक भाषा आणि बोलींत ध्वनिमुद्रण केलं आहे. तिच्या यादीत मराठी आहे, तशा वारली आणि भिलीही आहेत.

ऐकणाऱ्याच्या भाषेत, ऐकण्याच्या रूपात सांगावं, ही रीत मराठीला ओळखीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा ओवीत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. त्या पहिल्या छपाईची प्रत आज सापडत नाही, तरी काव्य टिकलं, आणि लोक ते म्हणत आणि ऐकत राहिले.

रिडरहॉफ यांच्यापुढेही विजेचाच प्रश्न होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेलं उत्तर ट्रेगरच्या पायडलांपेक्षाही साधं: घडी घातलेला पुठ्ठा. एका बाजूला तबकडी, दुसऱ्या बाजूला सुई. तबकडीच्या भोकात पेन्सिल खुपसून ती हाताने फिरवली की पुठ्ठाच थरथरून बोलू लागे. बॅटरी नको, दुरुस्तीला मिस्त्री नको. मात्र या पुठ्ठ्याला उत्तर देता येत नव्हतं. ऐकणाऱ्याच्या मनात शंका आली, दुःख दाटलं, तर ते ऐकायला पलीकडे कुणी नसे. फ्लिन यांच्या यंत्राला उत्तर देता येई, पण त्यात सर्वांची भाषा नव्हती. इथे सर्वांची भाषा होती, पण उत्तराची वाट नव्हती.

तरीही ही ध्वनिमुद्रणं होतात कशी हे पाहिलं, की ती एकतर्फी राहू नयेत म्हणून केलेली धडपड दिसते. ज्या बोलीला लिपीच नाही तिथे कागदावरून वाचून घेता येत नाही. म्हणून दोन्ही भाषा जाणणारा गावकरी शोधतात. एक वाक्य त्याला समजावतात, तो ते आपल्या बोलीत, आपल्या ढंगाने म्हणतो, मग पुढचं वाक्य. मधल्या थांबण्याच्या जागा नंतर कापतात. सगळं जोडून झालं, की ते त्याच बोलीच्या दुसऱ्या माणसाला ऐकवतात आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून विचारतात. त्याला भलताच अर्थ लागला, तर तेवढा भाग काढून टाकतात आणि पुन्हा ध्वनिमुद्रित करतात.