दोन आसनांचे धातूचे विमान



चिखले, डहाणू आणि तलासरी परिसरातील आपणां सर्वांशी आज एका लहान विमानाच्या रचनेविषयी बोलावयाचे आहे.

१९५१ साली, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात,
ज्यांनी जर्मनीत प्रांटल या शास्त्रज्ञांजवळ वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते,
त्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले,
एचटी-२ हे दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे प्रशिक्षण-विमान
आकाशात झेपावले.

आजची मायक्रोलाइट म्हटली जाणारी धातूची छोटी विमाने त्याहून पुष्कळ हलकी असतात.
तत्त्व मात्र तेच.

पत्रा हे केवळ आवरण नव्हे. पत्रा भार वाहतो.

सपाट कागद हातात वाकतो. घडी घातली, की ताठ राहतो.
त्याचप्रमाणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा,
कडा दुमडून, पंखातील तुळईला आणि फासळ्यांना रिव्हेटांनी जखडला,
म्हणजे पंख मजबूत होतो, आणि हलकाही राहतो.

हा हलकेपणा अत्यावश्यक आहे.
कारण अशा छोट्या विमानाचे इंजिन लहान असते,
आणि विमानाला सावकाश, थोड्या जागेत उतरावयाचे असते.

चिखल्यासारख्या सागरतीरी खारी हवा धातूची वैरीण ठरते.
ती सांध्यांत शिरते, आणि पत्रा पोखरते.
म्हणून संरक्षक लेप, पाणी निथळण्याची छिद्रे, आणि तपासणीच्या झडपा
यांची तजवीज आराखड्यातच करावी लागते.

पुन्हा सांगतो : पत्रा भार वाहतो.
म्हणून पत्र्यावरील बारीक चीरही क्षुल्लक मानू नये.
उड्डाणापूर्वी विमानाची कसून तपासणी करणे,
हे वैमानिकाचे प्रथम कर्तव्य होय.