कडू पाल्याची गंजी



आमची शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण युनियनच्या वाचनालयात झाले. तेव्हा प्राण्यांविषयी बोलायला उभे राहणे हे आमचे धाडसच आहे. पण निमित्त घडले ते तांदळाचे. एका संपाच्या तयारीत आम्ही घरोघर फिरून मूठमूठ तांदूळ जमवला. संप दुसऱ्या महिन्यात शिरला, पोती उघडली, तर आत पोरकिडे! चाळीतल्या एक आजीबाई म्हणाल्या, "अरे पोरांनो, कडुलिंबाचा पाला नाही का रे घातलात?" नव्हता घातला. साठवणे म्हणजे नुसते जमवणे, अशी आमची समजूत.

पुढे वाचनात पायका आला. हा सशाच्या गोतातला. पण कान गोल, शेपूट दिसत नाही, वजन सुमारे १५० ग्रॅम. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, उंचावरच्या दगडांच्या राशींत हा राहतो. हिवाळाभर झोपून राहणे याच्या नशिबी नाही. बर्फाखाली तो जागाच असतो, आणि जागणाऱ्याला खायला लागते. म्हणून उन्हाळ्यात तोंडात पाला धरून याच्या हजारो फेऱ्या चालतात आणि दगडांच्या आडोशाला गंजी रचली जाते. शेजाऱ्याच्या गंजीतून चोरीही होते. (यांच्यात युनियन नाही, हे उघड आहे.)

आता खरी गंमत. कोलोरॅडोतील नायवॉट रिज येथे डेनिस डिअरिंग या संशोधिकेने पायका रोज खातो काय आणि साठवतो काय, हे ताडून पाहिले. दोन्ही जुळेनात! गंजीत भरणा एव्हन्स या पिवळ्या फुलांच्या रानरोपाचा. त्यात फिनॉल जातीची द्रव्ये इतकी, की ताजा पाला पायकाला सोसत नाही. पण त्याच द्रव्यांमुळे गंजी कुजत नाही. महिने लोटतात तशी ती द्रव्ये उतरतात, आणि ऐन हिवाळ्यात पाला खाण्याजोगा होतो. हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. आजीबाईंना ते आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण त्यांचा पाला शेवटी निवडून टाकायचा असतो, पायका आपला पाला खातो.

एक काळजी मात्र आहे. पायकाला उकाडा सोसत नाही. ऊन चढले की तो दगडांच्या फटीत शिरतो, म्हणजे दुपारची पाळी बंद. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन भागातील काही जुन्या ठिकाणी तो आता सापडत नाही. तिथे दगड आहेत, गंज्या नाहीत.