मूठभर जवस

भाकड हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. धानोऱ्याच्या जंगलपट्टीत विलेली गाय वर्ष उलटले तरी माजावर आली नाही, की तिला हा शब्द चिकटतो. मग दूध नाही, नांगराला गोऱ्हा नाही. घर चिंतेत पडते आणि गाय बाजाराची वाट धरते. मी कवितेचा माणूस, पशुवैद्य नव्हे. पण या शब्दामागे दावणीतली उपासमार असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपली ढोरे जंगलावर आणि धानाच्या तणसावर जगतात. उन्हाळ्यात तर तणसाचाच आधार. त्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने थोडी आणि स्निग्धांश शंभर भागांत जेमतेम दीड-दोन. विलेली गाय दुधासाठी अंगावरची चरबी झिजवते. ही तूट मेंदूला कळते आणि तिथून बीजांडकोशाला जाणारा संदेश मंदावतो. बीज पिकत नाही, माज येत नाही.

गर्भ सांभाळणारे संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. ते कोलेस्टेरॉलपासून बनते. माणूस ज्याला भितो, तेच इथे कामी येते! मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांतल्या प्रयोगांत तेलबियांच्या खुराकाने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले. गर्भधारणा मात्र प्रत्येक वेळी वाढली नाही. जवसाचा गुण आणखी निराळा. गर्भ राहिला नाही, तर प्रोस्टाग्लँडिन हे रसायन प्रोजेस्टेरॉनचा झरा आटवते आणि साधारण २१ दिवसांनी पुन्हा माज येतो. जवसातले लिनोलेनिक आम्ल या रसायनाला आवर घालू शकते. कोवळ्या गर्भाला तेवढीच सवड मिळते.

जवस आपल्याला परके नाही. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाखोळीबरोबर तेही फेकतात. सगळेच व्यापाऱ्याला न देता थोडे विलेल्या गाईसाठी ठेवावे. मात्र मोजून. कोरड्या खुराकात एकूण स्निग्धांश शंभरात सहाच्या वर गेला, तर कोठीपोटातले तणस पचेनासे होते. अख्खे दाणे बरेचसे शेणातून निघून जातात. भरडून कोमट पाण्यात भिजवून ठेवले तर विष तयार होऊ शकते. म्हणून ते भाजून भरडावे किंवा चांगले उकळावे.

आधी पोटभर चारा, ढेप, खनिज मिश्रण. मग मूठभर जवस. एवढ्यावरही माज आला नाही, तर डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावे. भाकड म्हणायची घाई त्यानंतरही नको.