रिपोर्ट कपाटात आणि डबा तसाच

(शाखेच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



वैद्यकीय तपासणीची तारीख आली की आपले कितीतरी लोक दोन दिवस आधी चहातली साखर आणि ताटातला भात सोडतात. उपाशीपोटीचा आकडा बरा येतो. सुटलो म्हणायचे, आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव! एचबीएवनसी ही तपासणी मात्र अशी फसत नाही. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली ठीक, तिथून ६.४ पर्यंत उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह.

समजा ६.१ आला. मग 'गोड बंद' एवढेच आपल्याला सांगतात. पण सॉर्टिंगच्या रात्रपाळीत सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे झाले. हे कोणी गोडात धरत नाही. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली आणि दोनाच्या चार खाल्ल्या, तर फरक काय पडणार? एक भाकरी कमी करा, वाटीभर उसळ वाढवा, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. डबा बदलल्याचा उपयोग झाला की नाही, ते तो आकडा सांगेल.

ट्रायग्लिसराइड १५० च्या वर गेले की सगळा राग तेलावर निघतो. तो आकडा साखरेने, मैद्याने आणि दारूनेही चढतो. (मागच्या रांगेतले हसू मला दिसते आहे.)

हिमोग्लोबिन पुरुषांत १३ च्या आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, भाजीवर लिंबू पिळा. अन्नातले लोह अंगी लागते. लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वाढलेला दिसू शकतो, म्हणून दोन्ही आकडे डॉक्टरांना एकत्र दाखवा. आणि पुरुषाचे रक्त कमी झाले असेल तर पालेभाजीवर भागवू नका. मूळव्याधीतून किंवा पोटात कुठे रक्त जात आहे का, ते शोधायला लावा.

आता रनिंग स्टाफशी दोन शब्द. वर्ग उतरेल या भीतीने काहीजण बाहेरच्या डॉक्टरकडून गुपचूप गोळ्या घेतात. साखरेच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकले तर साखर ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोक्याला काही सुचत नाही. चालत्या इंजिनात हे झाले तर काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. हे १९९५ च्या कायद्यात होते आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, आहारही एकदम तोडू नये. इंजिनवर जेवणाची ठरावीक वेळ मिळावी ही आपली जुनी मागणी आहे. तिला आता रक्ताच्या आकड्यांचाही आधार जोडा.

आजचे रिपोर्ट घ्यायला याल तेव्हा मागचा रिपोर्ट घरातून शोधून आणा. दोन्ही शेजारी ठेवून बघू.