खंडीचे किलो



आपल्या जळगाव-धुळ्याकडे शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुईचा भाव बोलला जातो खंडीवर, आणि रुई बांधली जाते गाठींत. खंडी 356 किलोची, गाठ साधारण 170 किलोची. एवढी मापं सांभाळत हिशेब करायचा.

मी कॉम्प्युटर शिकवतो. धरणगावहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने हाच हिशेब प्रोग्राममध्ये बसवला. 356 हा आकडा तिने सात ठिकाणी लिहिला होता. त्यात एके ठिकाणी 365 पडला. दोन दिवस बेरीज जुळेना. चूक सापडली तेव्हा तिने मला न विचारताच एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा तुकडा, लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘खंडीचे_किलो’. आत ओळ एकच, आलेल्या आकड्याला 356 ने गुणण्याची. पायथॉन 3 या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशी देवनागरी नावं चालतात.

‘एवढ्याशा गुणाकाराला फंक्शन कशाला?’ असं नवख्या मुलांना फार ऐकावं लागतं. मला ते मुळीच पटत नाही. कंस, कोलन, ओळीआधीची मोकळी जागा, हे सगळं सांभाळताना त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्यात 356 कशाचे, हेही ध्यानात ठेवायचं? नाव दिलं की तेवढा भार उतरतो. शिवाय तो तुकडा एकटा तपासता येतो. दोन खंडी द्या, 712 आले पाहिजेत. आले, की चूक दुसरीकडे शोधायची.

असे तुकडे करण्याची रीत जुनीच आहे. केंब्रिजला 1949 साली एडसॅक हे संगणक यंत्र सुरू झालं. त्याला भागाकाराची आज्ञाच नव्हती! भागाकारासाठी आधीच लिहून, तपासून ठेवलेला तुकडा कागदी पट्टीवरून आपल्या प्रोग्रामला जोडायचा. एडसॅकवर काम करणाऱ्या विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी 1951 साली असे तुकडे पुस्तकात छापले. त्या काळी प्रोग्राम लिहिणारे बहुतेक सगळे नवशिकेच होते.

त्या मुलीचे वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. तिने घरी प्रोग्राम दाखवला, तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या मजकुरातून त्यांनी एकच ओळ बोट ठेवून वाचली, ‘खंडीचे_किलो’, पुढे कंसात 12. आणि यंत्राच्या आधी तोंडी उत्तर दिलं, ‘चार हजार दोनशे बहात्तर.’