खाडीकांठची हकिकत कोणीं लिहावी?

(वीर येथें गांवकऱ्यांच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



 मी कोणी पंडित नाहीं. तुमच्यासारखाच नांगराच्या घरचा आहें. सभेला येतांना वाटेंत एक शाळेंतला मुलगा भेटला. त्याला मीं विचारलें, "बाळ, तुझ्या गांवाचा इतिहास काय?" तो म्हणाला, "आमच्या गांवाला इतिहास नाहीं. इतिहास रायगडाला आहे." पोराचा दोष नाहीं. त्याला जें शिकविलें तेंच तो बोलला. पण गड्यांनो, रायगडाला इतिहास आहे म्हणून गडाखालच्या मुलखाला नाहीं काय? गडावर दगड आपल्या पायांनीं चढत नसतो. तो घडविणारे हात, चुना वाहणारी डोकीं आणि शिबंदीला पोसणारी शेतें खालचींच होतीं.

ही आपली सावित्री पाहा. महाबळेश्वरास उगवते, पोलादपूर, महाड, दासगांव करीत बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्यें दर्याला मिळते. वीर व दासगांव हीं शेजारशेजारचीं गांवें. समुद्र कोसचे कोस लांब, तरी भरतीचें पाणी आपल्या दारापर्यंत येतें. पूर्वीं मोठीं गलबतें दासगांवास नांगर टाकीत आणि लहान मचवे भरतीवर महाडपर्यंत जात. म्हणजे आपण डोंगराच्या पोटांतले असून दर्याचे शेजारी. एका हातांत नाचणीची भाकर आणि दुसऱ्या हातांत खाडीची कोळंबी, अशी आपली राहणी.

या वाटेनें कोण कोण गेलें? महाडजवळ गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील लेखांत दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत. पण डोंगर पोखरून ज्यानें खोली काढली त्या पाथरवटाचें नांव कोठें आहे? इ. स. १७५६ च्या तहानें पेशव्यांनीं बाणकोट इंग्रजांना दिलें, त्याबरोबर दासगांवही गेलें. पेशवाई बुडून इंग्रजांचें राज्य आलें तें १८१८ सालीं. आपल्या खाडीकांठानें तें राज्य बासष्ट वर्षें आधीं पाहिलें! १८०२ सालीं होळकरांनीं पुण्याजवळ मोड केल्यावर दुसरे बाजीराव पळून महाडास आले, तेथून सुवर्णदुर्गाकडे गेले आणि वर्षाच्या शेवटल्या दिवशीं वसईस इंग्रजांचा तह पत्करून बसले. श्रीमंतांचें पळणें तारीखवार लिहिलेलें आहे. त्यांचें ओझें वाहणारा, त्यांना होडींत घालणारा मात्र बिननांवाचा राहिला.

असें कां झालें? ज्याच्या हातीं लेखणी, त्याची हकिकत. आपल्या हातीं नांगर, वल्हें, जाळें, करवत होतें, लेखणी नव्हती. त्याच कारणानें शेतही गेलें. खोतीचा काळ आठवा. कुळानें रान मोडून शेत करावें, खाऱ्या पाण्याला बांध घालावा, आणि पीक आल्यावर अर्धेलीनें निम्मा वांटा खोताच्या खळ्यांत जावा. वर वेठ निराळी. दप्तर खोताजवळ, हिशेब खोताच्या तोंडीं, आंगठा आपला! डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल मांडलें, १९३८ च्या जानेवारींत कोंकणच्या शेतकऱ्यांनीं मुंबईंत मोर्चा नेला, आणि १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला. ज्या म्हाताऱ्यांनीं ती वेठ सोसली ते आतां बहुतेक निघून गेले, आणि त्यांची गोष्टही त्यांच्याबरोबर चालली आहे.

परंतु याच मातींत लेखणी धरणारेही निपजले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर महार जातींत जन्मले, पलटणींत हवालदार झाले आणि १८८६ सालीं पेन्शन घेऊन परतले. जोतीराव फुल्यांच्या विचारानें भारलेल्या या गृहस्थानें 'दीनबंधु' पत्रांत लेख लिहिले व १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसन' हें पुस्तक छापून धर्माच्या ठेकेदारांना सवाल टाकले. १८९५ सालीं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलें, तेव्हां शेजारीं बसण्यास उच्चवर्णीय सभासदांना विटाळ वाटला. पण वलंगकरांचें नांव पुसलें गेलें नाहीं, कारण त्यांनीं आपलें म्हणणें स्वतः लिहून ठेवलें होतें.

मग आलें १९२७ साल. भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव कौन्सिलांत मंजूर करून घेतला होता. पुढील वर्षीं महाड म्युनिसिपालिटीनें तो मानला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्या परिषदेच्या उभारणींत झटणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे आपल्या दासगांवांत वाढलेले. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह ठरला. मोटारवाले ऐन वेळीं नाकारतील म्हणून मंडळी 'पद्मावती' बोटीनें मुंबईहून निघाली, हरिहरेश्वरास उतरली आणि खाडीनें दासगांवास आली. २५ तारखेस दासगांवच्या बंदरावर तीन हजार माणसें वाट पाहत उभीं होतीं. तेथून रांगा धरून सारे महाडपर्यंत पायीं गेले. तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टांत जिंकला गेला.

आतां मी तुम्हांला विचारतों, त्या तीन हजारांत तुमच्या घरचें कोण होतें? त्यांना भाकर कोणीं घातली, दार कोणीं लावून घेतलें? जें भलें घडलें तें लिहा आणि जें लाजिरवाणें घडलें तेंही लिहा. आपल्या शेतकरी-कारागीर जातींनींही पाण्यावर पहारे केले असतील तर तें झांकूं नका. झांकलेलें गळूं पिकत जातें.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी उगाळून पोट भरतें काय? ऐका. १९९३ सालीं कोंकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला तुकडा रोह्याहून निघाला तो आपल्या वीरपर्यंतच होता. गाडी आली, मुंबई जवळ झाली, फार चांगलें झालें. बंदर त्याच्या आधींच ओस पडत चाललें होतें. महाडला रासायनिक कारखाने आले; कांहींना रोजगार मिळाला, पण खाडीच्या मासळीचा ऱ्हास झाला आणि जाळीं खुंटीला लागलीं. २५ जुलै २००५ रोजीं दासगांव, जुई, रोहण, कोंडिवते येथें डोंगर खालीं आला आणि शंभराहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. वांचलेल्यांपैकीं कित्येकांनीं वर्षानुवर्षें पत्र्याच्या शेडींत दिवस काढले. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलें. तेथेंही ऐंशीवर माणसें दगावलीं. त्याच दिवशीं महाड पाण्याखालीं बुडालें.

त्या पुरानंतर लोक म्हणूं लागले कीं, दासगांवच्या खाडींतील रेल्वेच्या भरावानें पाणी अडतें, आणि नदींत गाळ सांचला आहे. तज्ज्ञ लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पूर्वीं पाणी कोठवर येत असे?" आपण म्हणतों, "आमचे आजोबा सांगत." साहेब वहींत तें उतरीत नाहीं, कारण आजोबांचा कागद नाहीं! कोणता ओढा बुजला, कोणती उघाडी मोडली, डोंगराला भेग कधीं पडली, झऱ्याचें पाणी कधीं गढूळ आलें, हें आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतें. तें लिहिलेलें असेल तर एखाद्या पावसाळ्यांत तें माणसें वांचवील. इतिहास म्हणजे केवळ राजांच्या लढाया नव्हेत. आपल्या घराच्या भिंतीवर पुराचें पाणी कोठें टेकलें, ती रेघ हाही इतिहासच आहे.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. प्रत्येक वाडीनें शंभर पानांची एक वही घालावी. शिकलेल्या मुलामुलींनीं रविवारीं म्हाताऱ्यांजवळ बसावें आणि ते बोलतील तें त्यांच्याच बोलींत उतरावें. बायकांना आधीं विचारावें. पाणी, सरपण आणि बाळंतपणें यांची हकिकत त्यांच्याचजवळ आहे. कोळी, भोई, कुणबी, बौद्ध, मुसलमान, आदिवासी, सुतार, कुंभार असा एकही उंबरा वगळूं नये. पुराच्या खुणा दगडावर कोराव्या. पाथरवट आपल्यांत आहेतच. जमिनीचे जुने कागद, बोटीचे परवाने, पलटणींतलीं पेन्शनबुकें उकिरड्यावर न टाकतां जपावीं. आणि दर वर्षीं पावसाळ्यापूर्वींच्या ग्रामसभेंत ती वही मोठ्यानें वाचावी, म्हणजे नवें पोरगें डोंगराखालीं घर बांधण्याआधीं दोनदां विचार करील.

याला वर्गणी लागत नाहीं, पुढारी लागत नाहीं. लागते ती एक वही आणि थोडी चिकाटी. पुढच्या खेपेस मी येईन तेव्हां त्या पोरानें मला सांगावें, "काका, आमच्या गांवाला इतिहास आहे. तो आमच्या आजीनें सांगितला आणि मीं लिहिला." म्हणजे माझें आजचें येणें सार्थकीं लागलें.