आंब्याच्या खोक्यातली गिटार

आमच्याकडे पाहुणे आले की माझी मुलगी आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. अकरावीत आहे. दार बंद असलं की गिटार सुरेख वाजवते. शेजारच्या काकींनी अंगणातून "आमका आयकव गो बाय!" म्हटलं की गिटार गप्प. मीही तिला कितीदा बाहेर बोलावलं, एकदा तर चारचौघांत रागावलो, "एवढं काय लाजायचं?"

त्यानंतर काही दिवसांनी तिने मला शेजारी बसवून एक जपानी मालिका दाखवली, 'बोच्ची द रॉक!' अकी हामाजी यांच्या चित्रकथेवरून केलेली ही बारा भागांची ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात जपानमध्ये दाखवली गेली. नायिकेचं नाव हितोरी. जपानीत या शब्दाचा अर्थ 'एकटी'. शाळेत तिला एकही मैत्रीण नाही. कुणी बोलायला आलं की शब्द घशात अडकतात. बँडमध्ये शिरलो तर चार माणसं आपली होतील, या आशेने ती तीन वर्षं घरातल्या भिंतीतल्या कपाटात बसून गिटारीचा रियाज करते. चेहरा न दाखवता आपलं वाजवणं इंटरनेटवर टाकते. तिथे वाहवा होते. पण माणसं समोर आली की बोटं चालत नाहीत.

एक दिवस ड्रम वाजवणारी निजिका तिला बागेत गाठते आणि थेट कार्यक्रमालाच घेऊन जाते. मंचावर जायची वेळ येते तेव्हा हितोरीचे पाय उचलत नाहीत. शेवटी ती चक्क पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून वाजवते. आणि खोका कसला? पिकलेल्या आंब्यांचा! देवगड-मालवणच्या माणसाला हसू कसं आवरणार? आपल्याकडे पेटी आंब्याचीही असते आणि वाजवायचीही. पण आंब्याच्या खोक्यातून वाजवणं मी प्रथमच पाहिलं.

मुलगी हसली नाही. म्हणाली, "अब्बा, तिला कुणी खोक्यातून बाहेर ओढलं नाही, बघितलंत?"

मी गप्प झालो. कारण मला माझंच एक कविसंमेलन आठवलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. नाव पुकारलं गेलं. कागद थरथरू लागला, तोंडाला कोरड पडली. दोन ओळी वाचल्या, तिसरी दिसेचना. मी खाली उतरलो तो थेट एसटी स्टँडवर. त्यानंतर कितीतरी दिवस मी कुणासमोर कविता वाचली नाही. मग आकाशवाणीचं बोलावणं आलं. काचेची खोली, लाल दिवा, एक माइक. समोर कुणी नाही. तिथे मला माझा आवाज सापडला. घरी अम्मी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. मलाही एक खोका मिळाला होता, फक्त तो आंब्याचा नव्हता.

आपल्या मातीला हे नवीन नाही. दशावतारातला संकासुर काळ्या कापडाने तोंड झाकूनच येतो आणि मनात येईल ते बोलून जत्रा हसवतो. दिवसा चार शब्द न बोलणारा माणूस तोंडाला रंग लागला की रात्री राजा होतो. आड राहणं म्हणजे पळणं नव्हे. कधी कधी ती पहिली पायरी असते.

मालिकेत पुढे रस्त्यावर वाजवताना एक बेसवादक बाई हितोरीला समजावते, की समोरची माणसं तुझे शत्रू नाहीत. हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. पण म्हणून हितोरी शेवटी धीट होत नाही. भीती असतेच, भीतीसकट ती वाजवायला शिकते. शाळेच्या उत्सवात ऐन वेळी तिच्या गिटारीची तार तुटते, तेव्हा गाणारी मैत्रीण आपली गिटार वाजवून तिला सावरून घेते. मला वाटतं, औषध असलंच तर ते हेच.

अर्थात साधा बुजरेपणा वेगळा. माणसांच्या भीतीने शाळा, कॉलेज, नोकरी सुटू लागली, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मन मोकळं करता येतं. तिथेही चेहरा दाखवावा लागत नाही.

आता पाहुणे आले की मी मुलीला हाक मारत नाही. चहा होतो, गप्पा होतात. परवा आतून गिटार ऐकू आली. काकी काही बोलणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. दार बंदच होतं, पण गाणं या वेळी मध्येच थांबलं नाही. काकी चहाचा कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)